पिवळ्या विमानाचा धर्मबाप

पँट सरकू नये म्हणून नेल्सो जिराउदो कमरेला पट्टाही बांधायचा आणि खांद्यांवरून गॅलिसही घालायचा. यावरून त्याला कधी ना कधी चिडवलं नाही असा माणूस वालपेर्गात सापडायचा नाही. त्याच्या घरी दोन किटल्या होत्या, दोन शिड्या होत्या, फाटकाच्या किल्ल्यांचे दोन जुडगे होते. एक जुडगा त्याच्या खिशात, दुसरा कोपऱ्यावरच्या बेकरीत, पिठाच्या पोत्यांमागच्या खिळ्याला. तो कुणाचा, कशाचा, हे बेकरीवाली केव्हाच विसरून गेली होती. तो तिथे लटकतो आहे एवढं नेल्सोला पुरेसं होतं. त्याची बायको एदेल्मा सांगायची, की लग्नात हा अंगठ्यासुद्धा तीन घेऊन उभा होता. हे खरं आहे. ऐन वेळी एखादी हरवली तर, म्हणून.

त्याचा धंदाच तसा होता. अर्जेंटिनाच्या नकाशात वालपेर्गा शोधायला भिंग लागेल, पण आमच्या भोवतालच्या सपाट मुलखात माणसांपेक्षा गायी जास्त, आणि प्रत्येक गोठ्यावर दूध थंड ठेवणारी पोलादी टाकी. उन्हाळ्यात वादळ आलं की आधी वीज जाते. वीज गेली की टाकी कोमट होते, आणि सकाळी डेअरीची गाडी दूध न घेता परत फिरते. नेल्सो या गोठ्यांवर जनरेटर बसवायचा. वीज गेल्यावर माणूस उठायची वाट न पाहता आपले आपण सुरू होणारे. अधूनमधून तो प्रत्येक गोठ्यावर जायचा, मुद्दाम मेन स्विच पाडायचा आणि कान टवकारून उभा राहायचा. टाकीची घरघर थांबायची, गायी माना वळवायच्या, आणि मग भिंतीपलीकडे जनरेटर खाकरून जागा व्हायचा. त्या वेळी नेल्सोच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते रविवारी चर्चमधून बाहेर पडणाऱ्यांच्या चेहऱ्यावरही फारसं दिसत नाही. मग तो मेन पुन्हा चढवायचा आणि पुढच्या गोठ्याकडे निघायचा. राखीव यंत्र बिघडत नाही, तो गोठेवाल्यांना बजावायचा, लोक त्याला विसरतात, एवढंच.

त्याचा मित्र ओरेस्ते तोसेल्लो अगदी उलट्या घडणीचा. पिकांवर औषध फवारणारं विमान उडवण्यात त्याचा उभा जन्म गेला होता. चाकं कणसांच्या शेंड्यांना घासतील इतक्या खालून तो जायचा, प्रसंगी विजेच्या तारांच्याही खालून. त्या विमानाला इंजिन एक, वैमानिक एक. नेल्सो मात्र आयुष्यात कधी विमानात बसला नव्हता. ओरेस्ते म्हणायचा, याला दोन विमानं लागतील. एक बसायला आणि एक शेजारून रिकामं उडायला. दर शुक्रवारी दोघं पत्ते खेळायचे. ओरेस्ते थापा मारून जिंकायचा, नेल्सो पानं मोजून हरायचा.

मग ओरेस्तेच्या हृदयाची एक झडप नीट मिटेना, आणि डॉक्टरांच्या शेऱ्यावरून त्याचा परवाना गेला. बायको त्याआधीच गेली होती. मुलगी मिर्ता तिकडे राफाएला शहरात, मुलं आणि चष्म्याचं दुकान सांभाळत. त्या हिवाळ्यात ओरेस्ते पत्ते वाटायचा आणि आपली पानं उचलायलाच विसरायचा. एका शुक्रवारी त्यानं पत्त्यांऐवजी टेबलावर एक मोठा आराखडा पसरला. त्याच्या जुन्या पिवळ्या विमानाचा, पण मापं तिसऱ्या हिश्श्याची.

‘हे जमिनीवर उभं राहून उडवायचं,’ तो म्हणाला. ‘यातून मला कुणी खाली उतरवू शकत नाही.’

ओरेस्तेच्या गॅरेजमध्ये ते विमान दोन हिवाळे वाढत राहिलं. लाकूड, कापड, रंग ओरेस्तेचा, वायरिंग नेल्सोचं. पंख जोडून पाहिले तेव्हा गॅरेजचं दार लागेना. आमच्या गावात रिमोटवरची छोटी विमानं उडवणारे पुष्कळ आहेत. रेल्वेरुळांपलीकडे निलगिरीच्या रांगेशेजारी त्यांचा क्लब आहे, गवताची धावपट्टी आहे, मांस भाजायची चूल आहे. छोटं विमान पडलं की तुकडे गोळा करायचे आणि हसायचं. पण हे पेट्रोलवर चालणारं, अर्ध्या पोत्याएवढं जड. असलं धूड आकाशात बहिरं झालं तर कुणाच्या अंगावर येईल सांगता येत नाही.

म्हणून नेल्सोनं त्याला दोन कान दिले. हातातल्या रेडिओचा हुकूम ऐकणारे दोन रिसीव्हर. एकाची तार पंखात, दुसऱ्याची शेपटीकडे, म्हणजे एकाला ऐकू गेलं नाही तर दुसऱ्याला जाईल. बॅटऱ्याही दोन. मोठी रोजच्या कामाची, लहान राखीव. दोघींच्या मधे काडेपेटीएवढी एक डबी. मोठीचा जोर गेला की ही डबी पापणी लवायच्या आत लहानीवर उडी मारते, आणि पंखांच्या झडपा हलवणाऱ्या मोटरींना काही घडल्याचा पत्ताही लागत नाही. डबीवर एक दिवा होता. मोठी चालू असली की हिरवा, राखीव चालू असली की तांबडा. तो आतच होता, झाकणाखाली.

‘आणि मोठी गेली तर?’ ओरेस्तेनं विचारलं.

‘लहान आहे ना.’

‘आणि मी गेलो तर?’

पुढे बरेच दिवस नेल्सो या प्रश्नाचा विचार करत होता.

क्लबचा एक रिवाज आहे. मोठं विमान पहिल्यांदा उडण्याआधी त्याला धर्मबाप लागतो, बाप्तिस्म्याला बाळाला लागतो तसाच. धर्मबाप सगळ्यांसमोर, चालू इंजिनावर, मोठ्या बॅटरीचा प्लग ओढून काढतो. मालक रेडिओवरून झडपा हलवून दाखवतो. हलल्या, म्हणजे राखीव बॅटरीनं भार उचलला. मग धर्मबाप सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, ‘उचललं,’ आणि मालक त्याला येर्बाचा, म्हणजे आमच्याकडच्या पाल्याच्या चहाचा, पहिला कडू घोट देतो. विमान पडलं तर तुकडे आणायला धर्मबापानंच जायचं. मालकानं धावपट्टी सोडायची नाही. पाठ फिरवून बसायचं. बापानं आपल्या पोराला मातीतून उचलू नये, असं जुने लोक म्हणायचे. खेळण्याच्या बाबतीत हे फार वाटेल, पण उडवणाऱ्यांना फार वाटत नाही.

ओरेस्तेनं नेल्सोला धर्मबाप केलं तेव्हा बोचा रामेल्लोनं हरकत घेतली. बोचा गावचा गुरांचा डॉक्टर आणि क्लबचा प्रमुख. त्याला सगळ्याच गोष्टींवर हरकत असायची. ज्यानं तारा जोडल्या त्यानंच त्या तपासायच्या, म्हणजे कोंबड्यांनी अंडी मोजायची, असं तो म्हणाला. ओरेस्तेनं त्याला उडवून लावलं. हा माणूस स्वतःच्या सावलीचीसुद्धा एक प्रत घरी ठेवून येतो, तो म्हणाला, याच्यापेक्षा चांगला तपासनीस तू कुठून आणणार?

मार्च संपत आला होता. भोवतालचं सोयाबीन पिवळं पडून कापणीला आलं होतं आणि त्यामुळे विमान शेताचाच एक तुकडा उचलून ठेवल्यासारखं दिसत होतं. निम्मं गाव जमलं होतं. बोचानं शेपटी धरली, इंजिन गुरगुरू लागलं, नेल्सो गुडघ्यावर बसला. त्यानं झाकण काढलं, लाल प्लग ओढला आणि लोंबकळून कुठे अडकू नये म्हणून बॅटरी बांधलेल्या पट्टीखाली खोचला. दिवा तांबडा झाला. झडपा वर-खाली झाल्या, शेपटी डावी-उजवी हलली.

‘उचललं,’ नेल्सो म्हणाला.

टाळ्या झाल्या. ओरेस्तेनं इंजिन बंद केलं. प्लग परत लावायला नेल्सोनं हात पुढे केलाही असेल. पण तेवढ्यात ओरेस्तेनं रेडिओ गळ्यातल्या पट्ट्यावर सोडून दिला, खाली वाकला आणि त्याला मिठी मारली. आमच्याकडे लोक भेटताना गालाला गाल लावतात. ओरेस्ते कधी लावायचा नाही. तो हात पुढे करायचा, तोही अर्धा. त्या दिवशी त्याचा गाल नेल्सोच्या गालावर टेकला, आणि तो ओला होता. तू मला परत वर नेलंस, असं काहीसं तो पुटपुटला. मग कुणीतरी ओरेस्तेच्या हातात येर्बानं भरलेला पोकळ भोपळा दिला, ओरेस्तेनं तो नेल्सोला दिला. नेल्सोनं नळीतून कडू घोट ओढला आणि ओल्या डोळ्यांनी झाकण बसवून त्याचे स्क्रू पिळले.

पहिलं उड्डाण पाहून बायकांनीसुद्धा हातातली कामं टाकली. ओरेस्तेनं ते विमान अगदी जुन्या सवयीनं उडवलं: शेताच्या कडेला खाली उतरायचं, पिकावरून सरळ जायचं, झाडांपाशी वर उसळून वळायचं आणि परत यायचं. उतरल्यावर त्याचं वय दहा वर्षांनी कमी झालेलं दिसत होतं. भाजलेलं मांस त्यानं उभ्या उभ्याच खाल्लं. त्याला पुन्हा उडवायचं होतं. बॅटरी भरून घ्यायची का, त्यानं विचारलं.

‘मोठी बॅटरी अख्खा दिवस पुरेल,’ नेल्सो म्हणाला.

यात खोटं काहीच नव्हतं. मोठी बॅटरी अख्खा दिवस पुरली असती.

दुसऱ्या उड्डाणात विमान झाडांपाशी पोचलं आणि उसळलं नाही. वळलंही नाही. दोन झाडांच्या मधून ते सरळ पलीकडे गेलं, नाक हळूहळू खाली घेत, जणू कुणी त्याला तिकडे उतरायला सांगितलं होतं. मग सोयाबीनमधून एक आवाज आला, लाकडाची पेटी जिन्यावरून पडावी तसा. पाखरं उडाली आणि परत बसली.

ओरेस्ते रेडिओच्या कांडीवर टेकलेल्या आपल्या डाव्या अंगठ्याकडे बघत होता. बोचानं त्याला खांद्याला धरून वळवलं, खुर्चीवर बसवलं आणि हातात येर्बा दिली. नेल्सो एकटा शेतात गेला.

सुकलेल्या शेंगा त्याच्या पायांना लागून खुळखुळत होत्या. पंख एका बाजूला पडला होता, शेपटी दुसऱ्या. पोटाचा भाग अख्खा होता, फक्त झाकण उडालं होतं. आत सगळं जागच्या जागी. दोन्ही रिसीव्हर, डबी, दोन्ही बॅटऱ्या. आणि पट्टीखाली, त्यानं खोचला होता तसाच, लाल प्लग.

सकाळपासून विमान एकट्या लहान बॅटरीवर उडत होतं. तिनं भार इतक्या मुकाट्यानं उचलला होता, की तो आपण तिच्या अंगावर टाकला आहे हे कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. ती संपली तेव्हा दोन्ही कान शाबूत होते, पण अंगात त्राण नव्हतं.

आपण काही ठरवलं नव्हतं, असं नेल्सोनं पुढे एदेल्माला सांगितलं. हात गेला. आयुष्यभर सुटलेल्या तारा जोडणारा हात. त्याला सुटलेला प्लग दिसला आणि त्यानं तो लावला. टक् असा बारीक आवाज झाला. पण तो आवाज ऐकल्यावर प्लग पुन्हा काढता आला असता, आणि आपण काढला नाही, हेही त्यानंच सांगितलं.

तुकडे घेऊन तो परत आला तेव्हा ओरेस्तेनं मागे न वळता विचारलं, काही सुटलं होतं का.

‘सगळं लागलेलं आहे,’ नेल्सो म्हणाला.

‘मग माझा हात,’ ओरेस्ते म्हणाला.

त्याचा डावा हात उन्हाळ्यापासून थोडा थरथरत होता. ते त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं. पत्ते उजव्या हातात धरायचा, कप दोन्ही हातांनी उचलायचा. आता तो स्वतःच सगळ्यांना सांगू लागला. बेकरीत, पेट्रोल पंपावर, क्लबात. अंगठा सरकला आणि विमान गेलं. उद्या गाडीच्या चाकावर सरकेल आणि कुणाचं पोर जाईल. त्यानं आपल्या जुन्या ट्रकची किल्ली बोचाला देऊन टाकली. चुलीवर पाणी ठेवणं बंद केलं, बेकरीवाली थर्मास भरून पाठवू लागली. शुक्रवारी पत्ते वाटायचं काम नेल्सोकडे आलं, आणि ओरेस्ते थापा मारीनासा झाला. नेल्सो दर डाव जिंकू लागला.

‘दोन बॅटऱ्या, दोन रिसीव्हर आणि एक म्हातारा,’ एकदा पानं खाली टाकत ओरेस्ते म्हणाला. ‘सगळ्याची जोडी लावलीस, नेल्सो. एवढं एक राहिलं तुझ्याकडून.’

तो चेष्टेनंच म्हणाला होता.

जून उजाडेपर्यंत मिर्तानं ठरवलं, की वडलांना राफाएलाला न्यायचं. तिच्या घरामागे एक खोली होती, दिवसा बघायला बाई मिळणार होती. वालपेर्गातलं घर भाड्यानं द्यायचं. ओरेस्तेनं विरोध केला नाही. पूर्वी याच गोष्टीवरून त्यानं मुलीशी दोन नाताळ अबोला धरला होता. आता तो म्हणाला, ती म्हणते ते बरोबर आहे, हाताचा भरवसा नाही. जुलैत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, क्लबाचं जेवण झालं की त्याच रविवारी निघायचं ठरलं.

नेल्सो त्याला चुलीसाठी लाकडं नेऊन द्यायचा, छपराची गळती काढायचा, न सांगता. ओरेस्ते दर वेळी आभार मानायचा, आणि नेल्सोला घाईघाईनं काहीतरी काम आठवायचं. एकदा त्यानं धीर करून विषय काढला. बॅटरीच कदाचित आतून खराब असेल, तो म्हणाला, असं होतं कधी कधी.

‘तू मोजली नव्हतीस?’

‘मोजली होती.’

‘मग माझ्या समाधानासाठी तुझ्या कामाला बट्टा लावू नकोस,’ ओरेस्ते म्हणाला. ‘एका माणसाची लाज गेली तेवढी पुरे.’

यानंतर बोलायला जागाच उरली नाही, असं नेल्सोला वाटलं; आणि जागा उरली नाही याचं कुठेतरी बरंही वाटलं. त्या बरं वाटण्यानं तो जास्त खचला.

एदेल्माला आधी किल्ल्यांवरून शंका आली. नेल्सोनं बेकरीतला जुडगा परत आणून ड्रॉवरमध्ये टाकला होता, आणि गॅलिस घालणंही सोडलं होतं. मग एका गोठेवाल्याचा फोन आला. तुमचा नवरा सकाळपासून इथेच आहे, तो म्हणाला. मेन पाडतो, जनरेटर लागतो, मेन चढवतो, गाडीत बसतो, फाटकापर्यंत जातो आणि मेन चढवला का ते बघायला परत येतो. माझ्या गायी बिथरल्यात, बाई.

जेवणाच्या आदल्या दिवशी एदेल्मा स्वयंपाकघरात लसूण सोलत होती. क्लबाच्या जेवणाला टोपलीभर लसूण लागतो, आणि तिच्या वाट्याला तो दरवर्षी येतो. नेल्सो समोर बसला आणि एक गड्डा घेऊन सोलू लागला. लसणाकडे बघतच त्यानं सगळं सांगितलं. मिठी, पट्टी, सोयाबीन, टक् असा आवाज. एदेल्माचा सुरीचा हात मधे एकदाच थांबला, प्लग परत लावला असं तो म्हणाला तेव्हा.

‘ओरेस्ते कधी निघतोय?’ तिनं विचारलं.

‘उद्या. जेवण झालं की.’

‘मग जेवणाआधी सांग.’

‘त्याला एकट्याला गाठून...’

‘त्याच्या हातात दोष आहे हे तू त्याला एकट्याला गाठून सांगितलं होतंस का?’ ती म्हणाली. आणि मग, पाकळ्या भांड्यात लोटत, ‘प्रत्येक वस्तूची तुझ्याकडे दुसरी आहे, म्हाताऱ्या. त्याच्याकडे घर एक आणि मित्र एक.’

आमच्या पणजोबांनी इटलीतल्या पिएमोंतेहून येताना आणलेलं जेवण ते: लसूण, खारवलेली मासळी आणि साय एकत्र आटवायची, भांडं टेबलाच्या मधोमध मंद आचेवर ठेवायचं, आणि सगळ्यांनी भाज्यांचे तुकडे एकाच भांड्यात बुडवून खायचे. घरातल्या एकानंच खाल्लं तर बाकीच्यांना त्याच्याशेजारी झोपवत नाही, म्हणून गावानं एकत्र खायचं. बोचा दरवर्षी हाच विनोद करतो. त्या रविवारी त्यानं तो केला, लोक हसले, आणि ओरेस्ते उभा राहिला. मिर्ता त्याच्या शेजारी बसली होती. बाहेर तिच्या गाडीत त्याची बॅग आणि बायकोचा फोटो गेला होता. ओरेस्तेच्या हातात रेडिओ होता; तो त्याला क्लबाला देऊन टाकायचा होता. बोलायला त्यानं तोंड उघडलं तेव्हा नेल्सो दारातून आत आला.

त्याच्या काखेत पिवळ्या विमानाचं पोट होतं. इतके दिवस त्यानं ते आपल्या शेडमध्ये पोत्याखाली झाकून ठेवलं होतं. त्यानं भाज्यांच्या परड्या सरकवल्या आणि ते टेबलावर ठेवलं, ओरेस्तेच्या समोर. मग लाल प्लग ओढून काढला आणि पट्टीखाली खोचला.

‘मी गेलो तेव्हा असं होतं,’ तो म्हणाला.

भांड्यातल्या सायीला बुडबुडे येत होते. ओरेस्तेनं रेडिओ खाली ठेवला. त्यानं ते खोचणं ओळखलं. दोन हिवाळे त्यानं या माणसाला सुटी तार अशीच पट्टीखाली खोचताना पाहिलं होतं.

‘परत कुणी लावला?’

‘मी.’

‘कुठे?’

‘सोयाबीनमध्ये.’

‘आणि येऊन मला काय सांगितलंस?’

नेल्सोनं मान खाली घातली.

‘बोल. सगळ्यांसमोर सांगितलं होतंस, सगळ्यांना पाठ आहे.’

‘सगळं लागलेलं आहे, म्हणालो.’

ओरेस्तेनं आपला डावा हात भांड्याच्या वर, सगळ्यांना दिसेल असा, पुढे धरला. वाफेत तो थरथरत होता. थोडासाच, पण थरथरत होता. ओरेस्ते त्या हाताकडे पाहत राहिला, एखाद्या नोकरावर चोरीचा आळ घ्यावा आणि मग वस्तू आपल्याच खिशात सापडावी तसा.

‘याला मी काय काय बोललो,’ तो म्हणाला.

मग तो मुलीकडे वळला आणि गाडीतून फोटो काढून आण, असं म्हणाला. मिर्ता काही बोलणार होती. त्याच्याकडे बघून ती उठली आणि बाहेर गेली. रेडिओ त्यानं आपल्याकडे ओढून घेतला. बोचानं कोटाच्या खिशातून ट्रकची किल्ली काढली आणि टेबलावरून त्याच्याकडे सरकवली.

‘तू घरी जा, नेल्सो,’ ओरेस्ते म्हणाला. आवाज चढला नव्हता.

नेल्सो गेला. एदेल्मा उठली नाही. तिच्या ताटात भाजी होती, आणि तेवढी वाट त्यानं एकट्यानं चालावी असं तिला वाटलं.

त्या वर्षी हिवाळा लांबला. शुक्रवारचे पत्ते बंद झाले. बेकरीत समोरासमोर आले तर ओरेस्ते मान हलवायचा, परगावच्या माणसाला हलवावी तशी. त्याचा ट्रक पुन्हा गावातून जाऊ लागला, पूर्वीपेक्षा हळू. गॅरेजमधून करवतीचा आवाज यायचा. नेल्सोला तो आवाज आपल्या अंगणात ऐकू यायचा, आणि ऐकू आला की तो हातातलं काम थांबवायचा. गॅलिस त्यानं पुन्हा घालायला सुरुवात केली. त्यावरून आता कुणी चिडवायचं नाही, आणि ते त्याला सगळ्यात जास्त लागायचं.

सोयाबीनची नवी पेरणी झाली तेव्हा ओरेस्तेनं दुसरं विमान क्लबात आणलं. तेवढंच मोठं, तसंच पिवळं. वायरिंग राफाएलाच्या एका माणसाकडून करून घेतलेलं. निम्मं गाव पुन्हा जमलं. नेल्सो कुंपणाबाहेर उभा होता. त्याला कुणी ये म्हटलं नव्हतं आणि कुणी जा म्हटलं नव्हतं.

धर्मबाप बोचा होता. त्यानं प्लग ओढला, झडपा हलल्या, ‘उचललं,’ तो ओरडला. टाळ्या झाल्या, इंजिन बंद झालं. ओरेस्तेनं येर्बाचा भोपळा बोचापुढे धरला, आणि मधेच थांबला.

‘नेल्सो,’ तो म्हणाला. कुंपणाकडे त्यानं पाहिलं नाही. ‘इकडे ये. यानं परत लावलाय का बघ. हात लावायचा नाही. नुसतं बघायचं.’

नेल्सो आत आला. विमानापाशी पोचायच्या आधीच त्यानं दोन्ही हात पाठीमागे घेतले होते, डाव्या मनगटाला उजव्या हातानं धरलं होतं. तो वाकला. लाल प्लग जागेवर होता, दिवा हिरवा होता. तरी तो बघत राहिला.

‘अरे, दृष्ट लागेल,’ बोचा म्हणाला.

‘लावलाय,’ नेल्सो म्हणाला.

‘ऐकू येईल असं,’ ओरेस्ते म्हणाला.

‘लावलाय.’

ओरेस्तेनं झाकण स्वतः बसवलं. डावा हात थरथरत होता, स्क्रूची खाच दोनदा चुकली. कुणी मदतीला हात पुढे केला नाही. तो कुणाचीच मदत घेणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हापासून वालपेर्गात मोठ्या विमानाला धर्मबाप दोन असतात. पहिला प्लग काढतो आणि लावतो. दुसरा हात मागे घेऊन बघतो आणि मोठ्यानं सांगतो. विमान कुणाचंही असो, दुसरा नेल्सोच असतो. येर्बाचा घोट मात्र पहिल्यालाच मिळतो. त्या दिवशीही तो बोचानंच घेतला. विमान वर गेलं, शेतावरून सरळ जाऊन झाडांपाशी उसळलं, वळलं. सगळे मान वर करून बघत होते. नेल्सो कुंपणापाशी परत गेला होता, आणि विमान उतरून थांबेपर्यंत त्याचे हात पाठीमागेच होते.